जेएलपीटीची पेन्सिल: एचबी शिसं, बोथट टोक आणि चांगलं खोडरबर

जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर जपानी आणि इंग्रजीत चार सूचना छापलेल्या असतात. काळी, मध्यम मऊ म्हणजे एचबी किंवा नंबर टू पेन्सिल वापरा, कुठलंही पेन चालणार नाही. चुकून झालेली खूण पूर्ण खोडा. कागद मळवू नका, दुमडू नका. आणि शेवटी नीट भरलेला गोळा कसा दिसतो, चुकीचे भरलेले कसे दिसतात, याचे नमुने. बहुतेक परीक्षार्थी पहिली सूचना वाचतात, कंपासपेटीत असलेली पेन्सिल एचबीच असणार असं धरून चालतात आणि बाकीच्या तीन सोडून देतात. खरं तर पेन्सिल निवडताना दुसरी सूचना सगळ्यात जास्त कामाची. काळी खूण कुठलीही पेन्सिल उमटवते. ती खोडल्यावर मागे काही उरू नये, हे मात्र प्रत्येक पेन्सिलीला जमत नाही.

पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्या अनेकांचा हात आधी दुसऱ्या परीक्षांत तयार झालेला असतो. एमपीएससी किंवा नीटला गोळे काळ्या बॉलपेनने भरायचे असतात. शाई खोडता येत नाही, म्हणून हाताला एकच वळण लागतं: एकदा ठरवायचं आणि दाबून काळंकुट्ट करायचं. तोच हात पेन्सिल धरतो तेव्हा गोळ्याच्या जागी कागदात खळगा पडतो. उत्तर बदलावं लागलं की वरचं शिसं निघतं, खळग्यातलं राहतं. उत्तरपत्रिका वाचणारं यंत्र कागदावरून परत येणारा प्रकाश मोजतं आणि ठरावीक पातळीपेक्षा गडद दिसणारी जागा ‘भरलेली’ धरतं. अर्धवट पुसलेला जुना गोळा आणि घाईत फिकट भरलेला नवा गोळा एकाच ओळीत आले, तर त्या दोघांतला फरक यंत्रासाठी फार उरत नाही. माणसाला उत्तर बदललेलं कळतं. यंत्राला दोन करड्या जागा दिसतात.

पेन्सिलच का, याचं उत्तर जरा जुनं आहे. १९३०च्या दशकात मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या शाळाशिक्षकाने उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बनवलं. आयबीएमने त्याची कल्पना विकत घेतली, त्याला नोकरीवर घेतलं आणि पुढे आयबीएम ८०५ हे यंत्र बाजारात आणलं. ते यंत्र खूण पाहत नसे. पेन्सिलीच्या खुणेतून विजेचा प्रवाह जातो का ते तपासत असे, कारण ग्रॅफाइट वीजवाहक आहे. त्यासाठी आयबीएमने जास्त ग्रॅफाइट असलेली ‘इलेक्ट्रोग्राफिक’ पेन्सिलही विकली. १९५०च्या दशकात आयोवा विद्यापीठात प्राध्यापक लिंडक्विस्ट यांनी प्रकाशावर चालणारं यंत्र उभं केलं आणि वीजवाहक खुणेची गरज संपली, पण पेन्सिल टिकली. प्रकाशाच्या यंत्रांपैकी काही अवरक्त किरणांवर चालत. त्या किरणांत काही रंगांची शाई चक्क दिसेनाशी होते, ग्रॅफाइट मात्र काळंच दिसतं. शिवाय ते खोडता येतं. अमेरिकेतली सॅट ही महाविद्यालय प्रवेशपरीक्षा आता संगणकावर गेली, तरी ‘नंबर टू पेन्सिल’ हे शब्द तिथल्या परीक्षांतून जगभर पोचले आणि जपानच्या या परीक्षेच्या कागदावरही बसले.

नंबर टू म्हणजे एचबीच. अमेरिकी मोजणीत नंबर १ म्हणजे बी, २ म्हणजे एचबी, अडीच म्हणजे एफ, ३ म्हणजे एच. दोन पद्धती, वस्तू एक.

आता शिशाबद्दल. आपण शिसं म्हणतो, पण त्यात शिसं हा धातू नसतोच. ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण मळून, त्याच्या बारीक कांड्या काढून सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात आणि नंतर मेणात किंवा तेलात मुरवतात. ही पद्धत फ्रान्सच्या निकोला-जाक कोंते यांनी १७९५ मध्ये आणली आणि मूळ तत्त्व अजून तेच आहे. माती जास्त तर शिसं कडक आणि खूण फिकट, हा एच गट. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि गडद, हा बी गट. एचबी मधोमध.

गडद हवं म्हणून २बी घ्यावी असं अनेकांना वाटतं. २बीने गोळा दोन फेऱ्यांत भरतो हे खरं. पण मऊ शिशाची भुकटी कागदावर सैल बसते. तळहात टेकला की ती शेजारच्या गोळ्यांवर ओढली जाते आणि खोडरबर फिरवलं की आधी पसरते, मग निघते. दोन-तीन उत्तरं बदलली की त्या भागात धुरकट पट्टा तयार होतो. उलट टोकाला २एच. तिची खूण फिकट, म्हणून हात आपोआप दाबतो आणि पुन्हा खळगा. शिवाय कडक शिशाने दाबून भरलेल्या गोळ्याला चकाकी येते. कागद तिरका धरला तर तो काळा दिसण्याऐवजी रुपेरी चमकतो. जे यंत्र परत येणारा प्रकाश मोजतं त्याच्यासाठी चमकणारी खूण चांगली नव्हे.

आपल्या बाजारातली एक अडचण इथे येते. शाळेसाठी विकल्या जाणाऱ्या पेन्सिलींवर ‘एक्स्ट्रा डार्क’, ‘सुपर डार्क’ असं मोठ्या अक्षरांत असतं, पण ग्रेड छापलेली असेलच असं नाही. एक्स्ट्रा डार्क ही ग्रेड नाही. अशा पेन्सिली रोजच्या लिखाणाला उत्तम आहेत, मुलांना दाबावं लागत नाही, पण त्यातल्या बऱ्याच एचबीपेक्षा मऊ लागतात. परीक्षेसाठी अंगावर ‘एचबी’ ही अक्षरं स्पष्ट छापलेलीच पेन्सिल घ्या. पर्यवेक्षकाने विचारलं तरी दाखवता येते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चित्रकलेच्या पेन्सिलींतली एचबी सुटी मागायची. कॅम्लिनच्या कॅमल ड्रॉइंग पेन्सिली किंवा अप्सराच्या ड्रॉइंग पेन्सिली ग्रेडनुसार मिळतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर, आणि इतर गावांत जिथे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं साहित्य मिळतं त्या दुकानात, सुट्या एचबी सहज मिळतात. जरा जास्त खर्च करायची तयारी असेल तर स्टेडलरची नोरिस एचबी. जपानी पेन्सिलींची हौस असेल तर मित्सुबिशीची ९८०० किंवा टोम्बोची ८९००. (मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचा मोटारींच्या मित्सुबिशी समूहाशी संबंध नाही, फक्त नाव आणि चिन्ह सारखं.) जपानी कंपन्यांची एचबी युरोपीय एचबीपेक्षा साधारणपणे थोडी मऊ आणि गडद लागते. एचबी हे नाव सगळीकडे सारखं असलं तरी प्रत्येक कारखान्याचं मिश्रण वेगळं. म्हणून एक ब्रँड सरावाला आणि दुसरा परीक्षेला, असं करू नये. सराव ज्या पेन्सिलीवर केला तीच पेन्सिल न्यावी.

हाय-युनी किंवा मोनो १०० सारख्या महागड्या पेन्सिली घ्याव्यात का? त्यांचं शिसं अतिशय एकजीव असतं, मध्येच खरखरीत कण लागत नाही, आणि चित्रकाराला तो फरक जाणवतो. गोळे भरायला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. ते पैसे खोडरबरात घाला. जपानात मार्कशीटसाठी, म्हणजे गोळ्यांच्या उत्तरपत्रिकेसाठी म्हणून वेगळ्या पेन्सिलीही विकतात. मित्सुबिशी आणि टोम्बो दोघांच्याही आहेत, आणि त्या एचबीच असतात. कोणी जपानहून येत असेल तर मागवा, नाहीतर त्यांच्यावाचून काही अडत नाही.

दुकानात पेन्सिल कशी पारखावी

बॉक्स न घेता सुट्या घेत असाल तर प्रत्येक पेन्सिल हातात घेऊन बघा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

आधी मागचं टोक पाहा. शिसं बरोबर मध्यभागी आहे का? ते एका बाजूला सरकलेलं असेल तर टोक काढल्यावर एका बाजूचं लाकूड थेट टोकापर्यंत चढतं आणि गोळा भरताना लाकडाची कड कागदावर घासते. असं टोक कितीही फिरवून काढलं तरी सुधारत नाही.

मग पेन्सिल काउंटरवर आडवी ठेवून हलकेच ढकला. पेन्सिल वाकडी असेल तर षटकोनी असूनही ती अडखळण्याची लय चुकते आणि खाली एका जागी फट दिसते. वाकडी पेन्सिल शार्पनरमध्ये डुगडुगते, आणि डुगडुगली की पातं शिशाला आडवं लागून ते मोडतं.

त्यानंतर लाकूड. पेन्सिलीचे दोन अर्धे भाग खोबण पाडून चिकटवलेले असतात. दोन्ही अर्ध्यांच्या रेषा लांबीला समांतर असाव्यात. रेषा तिरक्या जात असतील तर पातं त्या रेषेने लाकूड फाडतं. परदेशी पेन्सिलींत चांगलं लाकूड म्हणजे कॅलिफोर्नियातला इन्सेन्स सीडर, ज्याची साल एकसंध लांब फितीसारखी सुटते. आपल्याकडच्या पेन्सिलींत पॉप्लर फार वापरतात. काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातलं उखू गाव या लाकडाच्या पट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे. पॉप्लर सीडरइतकं सुगंधी किंवा गुळगुळीत नसतं, पण नव्या पात्याने ते अगदी स्वच्छ कापलं जातं. ‘या पेन्सिलीचं लाकूड वाईट आहे’ अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा दोष बोथट झालेल्या शार्पनरचा असतो.

आकार षटकोनी किंवा त्रिकोणी घ्या, गोल नको. वर्गातले बाक उताराचे असतात. गोल पेन्सिल घरंगळून फरशीवर पडते, बाहेरून काहीच झालेलं दिसत नाही, आणि आत शिशाचे तीन-चार तुकडे झालेले असतात. मग टोक काढलं की तुकडा गळतो, पुन्हा काढलं की पुन्हा गळतो. ‘बॉन्डेड’ लिहिलेल्या पेन्सिलीत शिसं लाकडाला चिकटवलेलं असतं, तिथे हा त्रास कमी होतो, संपत नाही. परीक्षेआधीच्या आठवड्यात जी पेन्सिल पडली ती सरावाच्या ढिगात टाका.

मागे रबर लावलेली पेन्सिल नको. ते रबर जुनं झालं की कडक होतं, आणि कडक रबर कागद खरवडतं.

टोक: एक अणकुचीदार, दोन बोथट

पेन्सिलीच्या ब्रँडपेक्षा टोकाने जास्त फरक पडतो, आणि नेमकं तिथेच कोणी लक्ष देत नाही. आदल्या रात्री सगळ्या पेन्सिलींना सुईसारखं टोक काढून ठेवणं ही नेटकेपणाची सवय आहे, पण गोळे भरायला ती उलटी पडते. सुईसारख्या टोकाची रेघ बारीक, त्यामुळे एक गोळा भरायला आठ-दहा फेऱ्या लागतात. बोथट टोकाने तोच गोळा तीन-चार फेऱ्यांत भरतो. एन१ला, म्हणजे जेएलपीटीच्या सगळ्यात वरच्या पातळीला, सगळे मिळून शंभराच्या आसपास प्रश्न असतात. एका गोळ्यामागे चार सेकंद वाचले तर शंभर गोळ्यांमागे जवळजवळ सात मिनिटं होतात. एन१च्या पहिल्या भागाला एकशेदहा मिनिटं असतात आणि वाचनाचे शेवटचे उतारे त्यातच उरकायचे असतात. तिथे दोन-तीन मिनिटंही मोठी.

बोथट टोक असं तयार करा. आधी नेहमीसारखं टोक काढा. मग रद्दी कागदावर पेन्सिल लिहिताना धरता तशीच, त्याच कोनात धरा आणि न फिरवता वीस-पंचवीस रेघा मारा. टोकाची एक बाजू घासून सपाट होते, साधारण एक मिलिमीटर रुंद. हीच बाजू कागदावर टेकली की रुंद पट्टा उमटतो. पेन्सिल बोटांत अर्धी फिरवली तर दुसरी कड अजून धारदार असते, तिने गोळ्याची किनार आखता येते. टोक दोन मिलिमीटरपेक्षा रुंद होऊ देऊ नका, नाहीतर रंग गोळ्याबाहेर जातो.

भरताना आधी किनारीच्या आतून एक फेरा, मग मध्ये दोन-तीन घासे. मधून सुरुवात करून बाहेर गेलं की हात घसरून रेघ शेजारी जाते. दाब इतकाच की कागद उलटून मागे अंगठा फिरवला तर खळगा लागू नये. छापलेला आकडा झाकला गेला, पांढरा ठिपका राहिला नाही, एवढं काळं पुरे.

एक पेन्सिल मात्र अणकुचीदार ठेवा, ती टिपणांसाठी. ऐकण्याच्या विभागात प्रश्नपुस्तिकेवर टिपणं काढायला परवानगी असते, तसं पुस्तिकेतच छापलेलं असतं. आवाज एकदाच ऐकवतात. कोण, कधी, किती, आधी काय ठरलं आणि मग काय बदललं, हे बारीक अक्षरात पटकन टिपायला बोथट टोक कामाचं नाही. म्हणून टिपणाची एक आणि गोळ्यांच्या दोन, अशा तीन पेन्सिली बाकावर. टिपणाच्या पेन्सिलीला मागच्या बाजूला चिकटपट्टीचा एक वेढा द्या, म्हणजे न बघता हाताला कळतं कोणती उचलली.

ऐकण्याच्या विभागात शेवटी गोळे भरायला वेगळा वेळ मिळत नाही. एक प्रश्न संपला की पुढचा सुरू होतो, मधल्या काही सेकंदांत खूण व्हायलाच हवी. ‘आधी पुस्तिकेवर खुणा करू, मग एकदम उतरवू’ ही सवय वाचनाच्या भागात कशीबशी निभते, इथे तीच पाच-सहा प्रश्न घालवते. गोळा पूर्ण भरायला वेळ नसेल तर त्या गोळ्यात एक ठळक तिरकी रेघ मारून पुढे जा आणि पुढच्या उदाहरणाची सूचना चालू असताना तो पूर्ण करा. उदाहरणं बहुतेक प्रश्नगटांच्या सुरुवातीला असतात, तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही ओळ कोरी सोडायची नाही.

खोडरबर

मऊ पांढरं प्लास्टिक खोडरबर घ्या. अप्सरा नॉन-डस्ट चांगलं काम करतं. जास्त चांगलं हवं तर स्टेडलरचं मार्स प्लास्टिक किंवा टोम्बोचं मोनो. प्लास्टिक खोडरबर शिशाचे कण उचलून स्वतःच्या कचऱ्यात गुंडाळतं. लाल-निळं दुरंगी रबर आणू नका. त्यातल्या निळ्या भागात शाई खरवडण्यासाठी कुरुंदासारखी भुकटी असते. ती कागदाचा वरचा थरच काढते, आणि तंतू उभे राहिलेल्या जागी पुन्हा भरलेला गोळा डागाळ दिसतो. सुगंधी, रंगीत, फळांच्या आकाराची रबरं पसरवतात जास्त, पुसतात कमी.

आपल्या पेन्सिल-रबराची जोडी घरी एकदा तपासा. साध्या फोटोकॉपीच्या कागदावर वीस गोळे आखून भरा, त्यातले दहा खोडा आणि त्यांच्या शेजारचे दहा भरा. मग कागद खिडकीकडे तिरका धरून पाहा. खोडलेल्या जागी करडी सावली दिसते का, खळगा दिसतो का, कागद रुक्ष झाला का? सावली दिसली तर दोष बहुधा रबराचा किंवा मऊ शिशाचा. खळगा दिसला तर दोष हाताचा. हे दोन वेगवेगळे आजार आहेत. खळग्यावर नवं रबर विकत घेऊन उपाय होत नाही.

खोडताना एकाच दिशेने, हलक्या हाताने, कागद दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ताणून धरून खोडा. मागे-पुढे घासलं की कागद चुरगळतो. जेएलपीटीच्या कागदावर ओळी जवळजवळ असतात, त्यामुळे रबराचा सपाट भाग लावला तर वरचं-खालचं उत्तरही जातं. रबराची एक कड ब्लेडने ताजी कापून घ्या आणि फक्त त्या कडेने खोडा. प्रत्येक वेळी कड आधी रद्दीवर घासून स्वच्छ करा. काळी झालेली कड शिसं उचलण्याऐवजी परत लावते. कचरा तळहाताने झटकू नका, त्याने भुकटी पसरते. कागद उचलून हलकेच टिचकी मारा.

रबर दोन न्या, एक खिशात. बाकाखाली गेलेलं रबर शोधायला उठता येत नाही. आणि रबराचं कागदी वेष्टण काढून टाकू नका. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पेन्सिलीच्या रंगावर आणि प्लास्टिकच्या पट्टीवर चढतं. कंपासपेटीत पेन्सिलीला चिकटलेलं, रंग लागलेलं रबर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तो रंग मग उत्तरपत्रिकेवर उतरतो.

जुलै आणि डिसेंबर

परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. डिसेंबरला कागद कोरडा आणि कडक असतो, फारसा प्रश्न येत नाही. जुलैचा पहिला रविवार म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा. दमट हवेत कागद ओल धरतो आणि मऊ पडतो. मऊ कागदावर त्याच दाबाने खोल खळगा पडतो आणि रबराने तंतू लवकर सुटतात. म्हणून जुलैला हात आणखी हलका ठेवा आणि घरचा सराव पंखा बंद करून, दमट दिवशीच करा. पेन्सिली, रबर, शार्पनर झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. ओल्या दप्तरात रात्रभर राहिलेल्या पेन्सिलीचं लाकूड फुगतं आणि टोक काढताना साल न सुटता केसाळ चुरा निघतो. हात पुसायला छोटा रुमाल हवाच. घामेजलेला तळहात आणि ग्रॅफाइट एकत्र आले की कागद मळतो, आणि तिसरी सूचना नेमकी त्याबद्दल आहे.

बाकाचा पृष्ठभाग हीही पाहण्याची गोष्ट. शाळा-कॉलेजांच्या बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं आणि बदाम असतात. अशा खाचेवर कागद ठेवून गोळा भरला की टोक खाचेत शिरतं, कागद फाटतो किंवा गोळ्यातून पांढरी रेघ राहते. बसल्या बसल्या हात फिरवून बाक तपासा आणि खाच असेल तर उत्तरपत्रिका बंद प्रश्नपुस्तिकेवर ठेवून भरा. पुस्तिकेचा जाड थर थोडा मऊ असतो, तेव्हा दाब कमी. पॅड न्यायची परवानगी आहे असं गृहीत धरू नका.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट जास्त पाहायची. उत्तरांचे रकाने डावीकडून उजवीकडे जातात, म्हणजे दुसरा रकाना भरताना डावा तळहात पहिल्या भरलेल्या रकान्यावर टेकतो. मनगट रकान्याच्या खाली ठेवून, खालून वर हात नेऊन भरायचा सराव करा. एचबीऐवजी मऊ पेन्सिल घेतली तर सगळ्यात आधी डावखुऱ्यांचा कागद मळतो.

यांत्रिक पेन्सिल

०.५ची यांत्रिक पेन्सिल अनेकांच्या हातची असते. हॉलतिकिटावर तिला मनाई असेल तर विषय संपला. मनाई नसली तरी गोळ्यांसाठी ती गैरसोयीचीच. शिसं बारीक, म्हणून फेऱ्या जास्त. जरा दाब वाढला की कट्‌कन मोडतं, आणि धातूची नळी कागदावर ओरखडा काढते. जपानच्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत हा फरक नियमातच घातलेला आहे: गोळे भरायला एच, एफ किंवा एचबीची लाकडी पेन्सिल, यांत्रिक पेन्सिल फक्त टिपणं आणि आकडेमोडीसाठी. त्याच नियमांत कविता किंवा सुविचार छापलेली पेन्सिल चालत नाही असंही आहे. तिथे परीक्षार्थींना पाच कोनांची पेन्सिल भेट द्यायची पद्धत आहे, कारण ‘पाच कोन’ आणि ‘उत्तीर्ण’ या दोन्ही शब्दांचा उच्चार जपानीत जवळपास सारखा, गोकाकु आणि गोऽकाकु. कोणी प्रेमाने अशी पेन्सिल दिली तर तिच्यावर काही मजकूर छापलेला नाही ना, हे बघून मगच ती बाकावर ठेवा.

काय न्यायचं

गोळ्यांसाठी बोथट केलेल्या तीन पेन्सिली, टिपणांसाठी टोकदार दोन (दोन्हींतली एकेक राखीव), वेष्टणासह दोन रबरं आणि एक शार्पनर. शार्पनर धातूचा, नव्या पात्याचा आणि साल साठवणाऱ्या डबीचा. चालू परीक्षेत तो काढायची वेळ येऊ नये म्हणूनच पाच पेन्सिली. विभागांच्या मधल्या सुट्टीत मात्र टिपणाच्या पेन्सिली पुन्हा टोकदार करून घ्या. बोथट पेन्सिलींना हात लावायची गरज नाही, त्या भरता भरता अजून चांगल्या होतात. पेन्सिली अगदी कोऱ्या करकरीत नकोत. प्रत्येकीचं पहिलं टोक काढून, दोन-तीन सराव प्रश्नपत्रिका तिने सोडवून झालेल्या असाव्यात. आतून शिसं मोडलेली पेन्सिल घरच्या टेबलावरच उघडी पडते.

प्रत्येक विभागाची उत्तरपत्रिका वेगळी असते आणि वेळ संपल्याची सूचना झाली की हातातली पेन्सिल खाली ठेवावीच लागते. त्याच्या मिनिटभर आधी कागद थोडा तिरका धरा. ज्या ज्या ओळीत उत्तर बदललं होतं तेवढ्याच ओळी पाहा: जुन्या जागी सावली उरली आहे का, नवा गोळा बाकीच्यांइतका गडद आहे का. उरली असेल तर रबराच्या स्वच्छ कडेचा एक घासा, फिकट असेल तर बोथट टोकाचे दोन.